तुळशीरामचं पोट

तुळशीरामच्या पोटाला काहीही झालेलं नव्हतं. तसलं पोट गावात शोधून सापडलं नसतं. शिळी भाकर, कच्चं वांगं, ढोरांच्या हौदातलं पाणी, जे पडेल ते त्यानं जन्मभर बिनतक्रार ठेवून घेतलं होतं. पण दिवाळीनंतर घरच्यांनी गावाला पोट सांगितलं, आणि गावाला एकदा पोट सांगितलं की पोटाला दुखावंच लागतं.

त्याचं असं झालं. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी त्याची बायको सुभद्राबाई झाडझूड आटोपून मळ्यात गेली, तर मोट जुंपलेली नव्हती. बैल दावणीलाच होते आणि नवरा विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसला होता.

"काय करून राह्यले?"

"काही नाही. उतरून जावं वाटलं."

"कायले?"

"तिथं काही करा लागत नाही," तुळशीराम म्हणाला.

तिनं दंडाला धरून उठवलं. कासऱ्यानं ओढलेल्या बैलासारखा तो उठला आणि मोट जुंपायला लागला. त्या दिवसापासून तो झोपेनासा झाला. चतकोर भाकरीवर उठायचा आणि भिंतीवरच्या एकाच जागेकडे पाहत बसायचा. त्या जागी पाहण्यासारखं काही नव्हतं, हे सुभद्राबाईनं स्वतः तिथं हात लावून पाहिलं. कशानं झालं म्हणावं, तर त्या साली मिरची चांगली आली होती. बैल धडधाकट होते, घरात भांडण नव्हतं. काही झालं असतं तर निदान त्याचं नाव तरी घेता आलं असतं.

थोरला भाऊ भगवंतराव शेजारच्याच घरात राहत होता. जिल्हा परिषदा नव्या झाल्या होत्या, आणि तोही नुकताच ग्रामपंचायतीवर निवडून येऊन टोपीला नीळ घालायला लागला होता. त्याला सांगणं भाग होतं. पण धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडानं बोलत नाही. मधे कोणीतरी लागतं. म्हणून सुभद्राबाई दाराआड पदर ओढून उभी राहिली आणि मधे तिची लेक ताना उभी राहिली. ताना सोळा वर्षांची. बाप विहिरीत पाय सोडून बसतो हे तिला असं निरोप्या म्हणून कळलं.

"ताना, मोठ्या बाबाले सांग, तुह्या बाबाले जीव द्यावा वाटते."

तानानं ते दोन हात अंतरावर बसलेल्या मोठ्या बाबाला सांगितलं. भगवंतरावानं तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं होतंच, तरी तो पुन्हा ऐकेपर्यंत थांबला.

"ताना, तुह्या मायले सांग, हे भाईर गेलं नाही पाह्यजे. दुसरबीडवाले तुले पाहून गेले, त्यायचा होकार आहे. वेडाचं घर म्हणलं तं तू घरातच राह्यशीन. गावाले पोट सांगा. पोटाले कोणी नाव ठेवत नाही."

"ताना, विचार त्यायले, मंग मोटेवरून तं काढू ना?"

"कायले? पोट दुखलं म्हणून कोणी माळी मोट सोडते काय? सोडली का लोकं विचारतीन."

झालं. गावाला पोट सांगितलं, आणि गाव धावून आलं. मनाचं काही असतं तर गाव चार हात लांब राहिलं असतं, पण पोटावर प्रत्येकाची सत्ता होती. कोणी ओवा आणला, कोणी हिंग. एकानं एरंडेल पाजलं आणि दुसऱ्यानं ते उतरवायला ताक पाजलं. शेजारची अंबूबाई कडू चिरायत्याचा काढा रोज स्वतःच्या हातानं आणायची आणि भांडं रिकामं होईपर्यंत उठायची नाही. लंघन कर म्हणाले, त्यानं लंघन केलं. इतका गुणी रोगी गावानं पाहिला नव्हता. महिनाभरात त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या, आणि सगळे म्हणाले, बघा, पोट किती वाईट.

मोट हाकायचं काम लांबून सोपं दिसतं. बैल उतरत्या धावेवरून खाली घालायचे, स्वतः मोटेच्या दोरावर, म्हणजे नाड्यावर, बूड टेकायचं. मोट भरून वर येते आणि थारोळ्यात भडभडून पाणी ओतते. मग बैलांना मागं रेटत, आपणही उलट्या पावलानं, पुन्हा विहिरीच्या तोंडाशी यायचं. दिवसभर हेच. म्हणजे ज्या माणसाला विहिरीपासून लांब ठेवायचं, तो दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत पाठमोरा विहिरीकडे चालत होता.

आणि सुभद्राबाई दोन वावरं खाली, वांग्याच्या वाफ्यात, फावडं घेऊन दारं धरायची. एक वाफा भरला की तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. तिथून विहीर दिसत नव्हती, मधे उसाचा फड होता. पूर्वी त्याचं गाणं ऐकू यायचं. आता गाणं बंद होतं. तिच्याजवळ एकच खूण उरली होती, विहिरीकडून येणाऱ्या दांडातलं पाणी. पाणी चाललं म्हणजे बैल चालले, बैल चालले म्हणजे माणूस आहे. ती वाकून काम करायची, पण डोळा दांडात. पावलं पाण्यात भिजून पांढरी पडली, टाचांना चिरा गेल्या, तरी ती पाय पाण्याबाहेर काढायची नाही, कारण पाणी कमी झालं की ते डोळ्याआधी पायाला कळायचं.

पौषातल्या एका दुपारी पाणी घोट्यावरून उतरलं. मग बोटांवरून उतरलं. मग दांडात नुसती ओल राहिली.

तिनं फावडं टाकलं आणि पळत सुटली. उसाच्या पात्यांनी तोंड कापलं. पदर कुठं अडकला तिला कळलं नाही. धावेवर पोचली तेव्हा बैल विहिरीच्या तोंडाशी उभे राहून रवंथ करत होते, आणि तुळशीराम त्यांच्यामागं उभा होता. टाचा काठाच्या दगडावर, हात नाड्यावर, तोंड तिच्याकडे.

"काऊन थांबले?" तिला श्वास पुरत नव्हता.

"बैल थकले."

बैलांच्या तोंडाला फेस नव्हता. तिनं त्याच्या धोतराचा सोगा मुठीत धरला आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "चाला, हाका. वाफा अर्धाच भिजला."

त्यानं बैल खाली घातले.

परत जाताना बांधावर अंबूबाई उभी होती, डोक्यावर गवताचा भारा. तिनं पळणं पाहिलं होतं.

"काय वो सुभद्रे, पोरगी लग्नाले आली अन तू नवऱ्याकडे अशी पळते? घरी नाही काय दिसत तो?"

"दिसते ना."

"मंग? नवी नवरी तरी पदर सांभाळून पळते, बाई."

सुभद्राबाई हसली. हसणं भाग होतं. गालावरच्या चिरेतून रक्त आलं होतं, ते पदरानं टिपत ती हसली. गावात दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांना ती गोष्ट माहीत झाली, आणि नदीवर धुणं धुताना तिला पाहून कोणी ना कोणी पळून दाखवायची. तिला ते बरंच वाटलं. आता ती कितीही वेळा पळाली तरी कोणी कारण विचारणार नव्हतं.

एकदा जेवणवेळी लिंबाखाली तिनं त्याच्यापुढं भाकर ठेवली आणि विचारलं, "दुखते काय कुठी?"

"नाही."

"खरं सांगा."

"दुखलं असतं तं बरं होतं, सुभद्रे. हात लावून दाखवलं असतं, इथं म्हणून." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि पुन्हा भाकरीवर ठेवला. "सकाळी उठलो का वाटते, आजचा दिवस कोणीतरी माह्या अंगावर टाकून गेलं. गोणपाट पाण्यातून काढून टाकते तसा. वला."

"मले सांगत जा असं वाटलं का."

"सांगून काय करशीन?"

तिनं तोच तुकडा उचलून त्याच्या तोंडात घातला. तो चावत बसला, गिळायचं विसरून.

माघात दुसरबीडवाले कुंकू लावायला आले. मुलाचा चुलता उत्तमराव आणि आणखी दोघं. मुलाच्या आईला अर्धशिशीनं डोकं वर काढू दिलं नाही, म्हणून ती आली नाही, असं ते म्हणाले. सुभद्राबाईनं अंगण सारवलं. ताना मामीचं लुगडं नेसून आत बसली. तुळशीरामला आंघोळ घालून धुतलेली बंडी घातली आणि मागच्या खोलीत बसवलं.

"व्याही दिसत नाहीत?" उत्तमरावानं विचारलं. तो जालन्याकडच्या बाजूचा, त्याची बोली जरा वेगळी होती.

"पोट दुखते त्याचं," भगवंतराव सवयीनं म्हणाला, आणि म्हणाल्याबरोबर त्याला कळलं की चूक झाली. कारण उत्तमरावाच्या तोंडावर दिवा लागला.

"पोट? मग मला आधी का नाही सांगितलं? आमच्या पंचक्रोशीत एक पोट मी सोडलेलं नाही. आणा त्यांना इकडं. चटई टाका."

नाही म्हणायला कारण नव्हतं. तुळशीरामला आणलं, ओसरीवर उताणं झोपवलं, बंडी वर केली, धोतर बेंबीखाली सरकवलं. उत्तमरावानं कणकेचा इवलासा दिवा करवून घेतला, बेंबीवर ठेवून पेटवला आणि त्यावर पितळी लोटा पालथा घातला. दिवा विझला, लोट्यानं कातडी आत ओढून घेतली. बरोबरचे दोघं माना पुढं काढून पाहत होते. शेजारची पोरं भिंतीवर चढली. आतल्या दारात ताना कुंकवाचं ताट घेऊन उभी होती, आणि तिच्यासमोर तिचा बाप पोटावर लोटा घेऊन आढ्याकडे पाहत पडला होता.

उत्तमरावानं लोट्याभोवती बोटं खुपसली. "इथं दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"दुखायला पाहिजे."

"दुखते म्हण बे," भगवंतराव दातांतून पुटपुटला.

"दुखते," तुळशीराम म्हणाला.

"आता कसं," उत्तमराव म्हणाला. "बेंबी सरकलीय. घाबरायचं काम नाही. रोज सकाळी उपाशीपोटी विहिरीत उतरायचं. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहायचं, थंडी पोटात शिरेपर्यंत. एकट्यानं. संगं कोणी असलं की ध्यान पोटावरून उडतं. आठ दिवसांत पोटाचं नाव राहणार नाही."

"वा," भगवंतराव म्हणाला. विषय संपल्याच्या आनंदात तो काय ऐकतोय तेच त्याला कळलं नाही. "सोपं आहे. उद्यापासून करन तो."

तुळशीरामनं मान वळवली. दिवाळीपासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काहीतरी उजाडलं होतं.

"उद्या कायले," तो म्हणाला. "सकाळपासून उपाशीच हाय मी. आताच जातो."

त्यानं लोटा स्वतःच्या हातानं उपटला. पोटावर तांबडं वळं उठलं. तो उठला आणि धोतर सावरत अंगणात उतरला.

"असा ऐकणारा माणूस पाहिजे," उत्तमराव बरोबरच्यांना म्हणाला.

सुभद्राबाईनं दाराआडून पाहिलं. त्यानं वहाणा घातल्या नाहीत.

"ताना," ती म्हणाली, "मोठ्या बाबाले सांग, त्यायले जाऊ देऊ नका."

तानानं तोंड उघडलं. त्यातून काही निघालं नाही. ओसरीवर तिच्या होणाऱ्या सासरचे लोक बसले होते आणि अंगणातून तिचा बाप चालला होता, आणि सांगायचं तिला होतं.

सुभद्राबाईनं लेकीला बाजूला सारलं आणि दाराबाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. भासऱ्यानं तिचं तोंड लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं आणि खाली मान घातली.

"विहिरीत नाही जायचं त्यायले," ती म्हणाली. "पोट चांगलं हाय त्यायचं. कवाच दुखलं नाही. जीव द्यावा वाटते त्यायले. दिवाळीपासून. झोपत नाहीत, जेवत नाहीत. मी रोज वाफ्यातून पळतो... विहिरीपाशी पळत जातो मी, तुमी सगळे हासता. कोणीतरी धरा त्यायले. मी एकली पुरत नाही."

कोणी हललं नाही. भिंतीवरची पोरंसुद्धा नाही.

"बाईमाणूस हाय," भगवंतराव उत्तमरावाला म्हणाला. "काहीबी बोलते. पोटच आहे त्याचं."

फाटकाशी तुळशीराम उभा राहिला होता. मागं वळून त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"नाही दादा," तो म्हणाला. "ती म्हणते ते खरं हाय."

आणि तो तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. इतका मोठा माणूस तोंड उघडं टाकून रडताना कोणी पाहिला नव्हता. रडताना त्याचं पोट हलत होतं, आणि त्यावरचं लोट्याचं वळंही हलत होतं. सुभद्राबाई जाऊन त्याच्याजवळ बसली. धरायला दुसरं कोणी आलं नाही.

चहा कपांत तसाच गार झाला. पाहुण्यांनी टोप्या घातल्या, छकडा जुंपायला सांगितला. कुंकवाचं ताट कोणी मागितलं नाही. बरोबरचे दोघं छकड्यात बसल्यावर उत्तमराव परत आला आणि सुभद्राबाईपासून जरा लांब, भिंतीकडे पाहत उभा राहिला.

"पोराची आई आली नाही," तो हळू म्हणाला. "अर्धशिशी म्हणून सांगितलं आम्ही."

"हाव."

"अर्धशिशी नाही तिला."

सुभद्राबाईनं वर पाहिलं.

"सात-आठ वर्षं झाली. कधी बरी असते. कधी भिंतीला डोकं आपटते, म्हणून डोकं सांगतो."

"मंग तुमाले तं समजते," ती म्हणाली. "मंग सोयरिक काऊन मोडता?"

"आता कशी करावी, बाई. दोन्ही घरी हेच म्हटल्यावर लोक काय म्हणतील."

"तुमच्या घरचं लोकायले ठाऊक हाय काय?"

"नाही."

"मंग दोनी घरचं कसं म्हणतीन?"

उत्तमरावानं यावर विचार केला. तिचं बरोबर होतं, पण बरोबर असण्याचा काही उपयोग नव्हता. "हे मी तुम्हालाच सांगितलं," तो म्हणाला. "कुठं बोलू नका."

"तिच्यापाशी बसते कोण?"

"बसायचं कोणी? खोलीत असते."

"कडी कोणत्या बाजूनं लावता?"

तो छकड्याकडे गेला. छकडा वळणाआड जाईपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

भगवंतराव ओसरीवरून उठला. "ताना," तो म्हणाला, "तुह्या मायले सांग, पोरीचं वाटोळं केलं तिनं."

ताना अजून दारातच होती, मामीचं लुगडं नेसून. डोळे सुजले होते. "तुमीच सांगा, मोठे बाबा," ती म्हणाली. "माय समोर बसली हाय."

भगवंतरावानं सांगितलं नाही. तो घरी गेला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गावातून कोणी ओवा आणला नाही. काढा आला नाही. जे दार रोज उघडत होतं ते वाजलंसुद्धा नाही, आणि बायका आडाकडे जाताना पोरांना बोटाला धरून समोरच्या कडेनं गेल्या. तुळशीराम भिंतीकडे तोंड करून पडून होता. ताना त्याच्या पायाशी बसली होती, त्याच्यावर रागावलेली आणि तरी बसलेली. वांग्यांची पाण्याची पाळी चुकली होती, पानं लोंबली होती. सुभद्राबाईनं तोंड धुतलं आणि अंबूबाईच्या घरी गेली.

अंबूबाई चुलीपुढं बसली होती. तिनं बस म्हटलं नाही.

"तू मले हासत होती," सुभद्राबाई म्हणाली.

"हासत होती."

"मले वाफ्यात जा लागते. तिकडून विहीर दिसत नाही. कोणीतरी त्यायच्यापाशी बसाले पाह्यजे. दुसरं काही नको."

अंबूबाईनं फुंकणी खाली ठेवली. "बसून काय करा लागते?"

"काही नाही. कसं वाटते म्हणून विचारा लागते. अन मंग ऐका लागते."

"अन त्यानं वाईट सांगतलं तं?"

"तं वाईट ऐका लागते."

अंबूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आधी सांगतलं असतं बाई, तं एवढा चिरायता तरी वाचला असता," ती म्हणाली, आणि मिरच्यांचं सूप काखेला मारून उठली.

ती तुळशीरामला घेऊन विहिरीजवळच्या लिंबाखाली बसली. मिरच्यांचे देठ मोडू लागली. मोटेवर माणूस नव्हता, तेही सुभद्राबाईलाच करायचं होतं. सुभद्राबाई बैल दावणीचे सोडत होती, तेवढ्यात धावेवर भगवंतराव आला. निळीची टोपी नव्हती, डोक्याला फडकं होतं. तो कोणाकडे पाहत नव्हता, कोणाशी बोलला नाही. त्यानं तिच्यासमोर हात पुढं केला. तिनं कासरा दिला. निवडून आल्यापासून त्यानं मोटेला हात लावला नव्हता. पहिल्या खेपेला नाडा चाकावरून उतरला, दुसऱ्या खेपेला अर्धी मोट विहिरीतच सांडली, आणि त्यानं बैलांच्या सात पिढ्या काढल्या. पण पाणी दांडाला लागलं. सुभद्राबाई फावडं घेऊन खाली गेली.

"कसं वाटते रे आज?" लिंबाखाली अंबूबाईनं विचारलं.

"वाईट," तुळशीराम म्हणाला.

"किती वाईट?"

त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. तो विचार करायला लागला. मग सांगायला लागला, थांबत थांबत, गोणपाटाचं, भिंतीवरच्या जागेचं. अंबूबाईला त्यातलं निम्मं समजलं नाही. ती देठ मोडत हूं म्हणत राहिली.

पंजाबराव पाटील सायकल हातात धरून बांधावरून चालला होता. पंचायतीचा मेंबर मोटेवर पाहून तो थबकला.

"काय हो भगवंतराव, तुमी मोटेवर? तुळशीरामचं पोट कसं हाय?"

पंजाबरावाला कालचं सगळं माहीत होतं. गावात न ऐकलेला माणूस उरला नव्हता. विचारायची ही रीत होती, आणि पोट म्हणून सोडवून घ्यायची ही जागा होती. भगवंतराव बैलांना मागं रेटत उलट्या पावलानं वर येत होता. घामानं बंडी पाठीला चिकटली होती, आणि पाठीमागून विहिरीचा गारवा त्या ओल्या पाठीला लागत होता. टाच काठाच्या दगडाला लागली तसा तो थांबला आणि मान वळवून त्यानं खाली पाहिलं. चांगला वेळ पाहिलं.

"पोट नाही," तो म्हणाला. "मन बिमार हाय त्याचं. मरावं वाटते त्याले."

पंजाबराव सायकलच्या घंटीशी चाळा करत उभा राहिला. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"त्याले ओवा चालन काय?"

"ओवा नाही चालत," भगवंतराव म्हणाला. "माणूस चालते. टाइम असन तं बस घडीभर."

पंजाबरावाला अमडापूरला जायचं होतं. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं. मग सायकल झाडाला टेकवली आणि तुळशीरामपासून हातभर अंतर ठेवून, जमीन आधी फडक्यानं झटकून, खाली बसला.